डाव्या चाकावरचा शेंदूर

“घरात दुसरी सवाष्ण नव्हती काय?”

काकू हे कुणाला उद्देशून म्हणाली नाही. पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून, पदर सारखा करत, समोरच्या भिंतीला म्हणावं तसं म्हणाली. पण आमचं अंगण लहान आहे आणि आत्या तिथून चार पावलांवर पूजेचं ताट घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. तिची मान वळली नाही, फक्त ताटातली वाटी किंचित घसरली आणि तिनं अंगठ्यानं ती सावरली. ते मी पाहिलं, कारण मी तिच्या शेजारी फुलांची परडी धरून उभी होते.

दसऱ्याची दुपार होती. आत्याच्या पुढ्यात आजोबांची काळी गाडी होती. तिचं पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं, आणि त्या बाजूला जॅक आणि एक लाकडी ठोकळा. चाकाच्या जागी जेवणाच्या ताटाएवढी लोखंडी डिस्क उघडी होती. नवी, इतकी चकचकीत की तिच्यात आत्याच्या पांढऱ्या साडीचे काठ दिसत होते.

“कर की अक्का,” बाबा म्हणाले. “मुहूर्त चाललाय.”

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिचे यजमान गेले तेव्हा मी तिसरीत होते, आणि त्यानंतर ती आमच्याकडे औरंगाबादला, पदमपुऱ्यात राहायला आली. घरात तिला कुणी काही म्हणत नसे. पण हळदीकुंकवाच्या दिवशी ती आपणहून स्वयंपाकघरात राहायची, आणि दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची तेव्हा खिडकीतून बघायची. पूजा दर वर्षी आई करायची. त्या वर्षी बाबांनी आईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, आई ‘बरं होईल’ म्हणाली, आणि ताट आत्याच्या हातात आलं.

कारण तसं सरळ होतं. आजोबांनंतर ही गाडी पहिल्यांदा चालवली ती आत्यानं. बाबा तेव्हा शाळेत होते. पोलिस ॲक्शननंतर काही वर्षांनी आजोबांनी ती एका जहागीरदाराकडून घेतली होती. ते गृहस्थ सगळं विकून हैदराबादला निघाले होते आणि जाताना गाडीवर हात फिरवून रडले, असं घरात सांगतात. ते रडले की नाही, ते पाहिलेलं आज कुणी नाही. आत्या मात्र देवगाव रंगारीच्या आमच्या शेतापासून औरंगाबादपर्यंत ती गाडी घेऊन आली होती, वेणीत रिबीन बांधण्याच्या वयात, शेजारी आजोबा आणि मागं ज्वारीची दोन पोती. हे पाहिलेले लोक आहेत. काकू त्यातलीच एक. ती माझ्या मोठ्या काकांची बायको, देवगावलाच राहते, लग्न होऊन आली तेव्हा आत्या गाडी चालवत होती. ते तिला तेव्हाही आवडलं नव्हतं असं आई म्हणते.

मी मागचं थोडं सांगते, नाहीतर त्या डिस्कचं काय एवढं, हे कळायचं नाही.

आदल्या वर्षीच्या दसऱ्याला आम्ही याच गाडीतून शेतावर निघालो होतो. आमच्याकडे सीमोल्लंघन म्हणजे देवगावच्या शेताचा बांध ओलांडून पलीकडं आपट्याची पानं ठेवून यायचं. बाबा चालवत होते, मी त्यांच्या शेजारी. गाडी जुनी, ब्रेकही जुने, चारही चाकांना ड्रमचे. औरंगाबाद सोडल्यावरच माझं लक्ष बाबांच्या पायाकडं गेलं. ते ब्रेक एकदा दाबायचे, पाय उचलायचे, पुन्हा दाबायचे. दौलताबादच्या वेशीपाशी दोनदा. घाट चढून खुलताबादला आलो तेव्हा तीनदा. मी मोजत होते. मला गाडी चालवता येत नव्हती, पण एका कामाला तीन दाब लागतायत म्हणजे काहीतरी बिघडलंय एवढं कुणालाही कळेल. मी मनात म्हटलं, बाबांना माहीत असेलच. मोठ्या माणसांना माहीत असतंच. मागं काकू आणि आई हसत होत्या. त्या हसण्यात माझं वाक्य कुठं घालायचं हे मला सुचेना.

वेरूळकडं उतरताना चौथ्यांदा त्यांनी दाबलं आणि पेडल थेट खाली गेलं. बाबांनी गिअर टाकले, हँडब्रेक ओढला, गाडी कठड्याला घासत घासत थांबली. समोरून येणारी बस हॉर्न वाजवत निघून गेली. कुणाला काही झालं नाही. मडगार्ड चेपलं. बाबा खाली उतरून चाकांखाली दगड लावत राहिले. घरी आल्यावर जेवताना ते म्हणाले, “काही कळलंच नाही आधी.” मी भाताकडं बघत राहिले.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर गाडी दहा महिने अंगणात झाकून उभी होती. मग बाबांनी कुठून कुठून चौकशी करून तिच्यासाठी डिस्क ब्रेकचा संच विलायतेहून मागवला. पुढच्या दोन चाकांना डिस्क, आणि ब्रेकचं तेल दोन वेगळ्या नळ्यांतून जाणार, म्हणजे एक फुटली तरी दुसरीवर गाडी थांबेल. काम करायला रोशन गेटजवळचे एक उस्ताद आले. साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. जुन्या गाड्यांचं काम शहरात आता त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. पण खोक्यातून निघालेला सहा पानी कागद इंग्रजीत होता, आणि म्हणून मला बोलावणं आलं.

“ये पढ़के बताव बेटा,” उस्ताद म्हणाले. “लोहे की जबान मेरेकू आती, कागज की तुमारेकू.”

मी इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या शाळेत मराठी बोललं की वहीत नाव लिहायचे, म्हणून मी लवकरच एक सोपा मार्ग काढला. काहीच बोलायचं नाही. पुढं ती सवयच झाली. नातेवाईक म्हणायचे, पोरगी शिष्ट आहे. मी शिष्ट नव्हते. माझं वाक्य तयार होईपर्यंत बोलणं पुढं गेलेलं असायचं, इतकंच. त्या आठवड्यात मात्र मी रोज बोलत होते. कागदावरचं वाचायचं, मनात उलटवायचं आणि उस्तादांना सांगायचं. ते गाडीखालून ‘हौ’ म्हणायचे. कधी कधी ‘नक्को, ये गोरे लोगां का चोचला है’ म्हणायचे आणि स्वतःच्या पद्धतीनं करायचे, आणि ते बरोबर निघायचं.

शेवटी नळ्यांमधली हवा काढायचं काम आलं. त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बारीक नळी उघडून हवा सोडायची. नळी बंद होईपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत जाते. खालच्याला पाय दिसत नाही, म्हणून वरच्यानं ओरडून सांगायचं.

“दबाए तो ‘दबाया’ बोलना. छोड़े तो ‘छोड़ा’,” उस्ताद खालून म्हणाले.

मी पेडल दाबलं. “दबाया.”

काहीच झालं नाही.

“दबाए क्या नै?”

“दबाया.”

उस्ताद गाडीखालून सरकत बाहेर आले, चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. “बेटा, इत्ता धीरे तो मेरी बीवी मेरेकू गाली बी नै देती. आवाज नीचे तक आना. नै आया तो हवा अंदर, और गाड़ी घाट में.”

बाबा हसले. आत्या खिडकीत होती, तीही हसली. मला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. पण त्यानंतर मी ओरडले. संध्याकाळपर्यंत ‘दबाया, छोड़ा, दबाया, छोड़ा’ असं इतक्यांदा ओरडले की शेजारणीनं गच्चीतून विचारलं, काय चाललंय.

आणखी एक गोष्ट त्या आठवड्यात घडली, ती सगळ्यात महत्त्वाची. डिस्क खोक्यातून निघाली तेव्हा तिला गंज येऊ नये म्हणून तेल चोळलेलं होतं. उस्तादांनी मला थिनरची बाटली आणि सुती फडकं दिलं आणि दोन्ही डिस्क पुसून काढायला लावल्या. एकदा नाही, तीनदा. कागदाच्या शेवटच्या पानावर चौकटीत तेच होतं: डिस्कला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका, बोटंही लावू नका. मी ते वाचून दाखवायला लागले तर उस्ताद म्हणाले, “इत्ता मालूम है मेरेकू.” मग समजावून सांगितलं. जुना ब्रेक ड्रमच्या आत झाकलेला असतो, बाहेर काही लागलं तरी आत जात नाही. हा नवा उघडा. डिस्कला दोन बाजूंनी पॅड चिमटीत पकडतात म्हणून गाडी थांबते. “पैड तेल पी जाता बेटा. एक बार पिया, फिर फेंको. और एकीच बाजू का पिया तो और बुरा. एक चक्का पकड़ता, दूसरा नै पकड़ता, गाड़ी घूम जाती.”

हे मला सांगितलं. बाबा तेव्हा बँकेत होते.

दसरा त्या वर्षी शुक्रवारी आला. सकाळी उस्ताद शेवटची तपासणी करायला आले. डावं चाक काढून त्यांनी काहीतरी आवळलं, मग घड्याळ बघितलं. “जुम्मे की नमाज पढ़के आता साब. चक्का मैं आके चढ़ाता. तब तक ऐसाच रहने दो.” बाबांना ते बरंच वाटलं. देवगावहून काका-काकू येणार होते. नवा ब्रेक उघडा दिसेल.

म्हणून विजय मुहूर्तावर आत्या त्या उघड्या डिस्कपुढं उभी होती.

तिनं आधी बॉनेटला हळदकुंकू लावलं, स्टिअरिंगला फूल वाहिलं. सावकाश, जसं फळ्यावर लिहीत असेल तसं. मग ती वाकली. वाटीत शेंदूर होता, तेलात कालवलेला. दर वर्षी आई त्याचंच स्वस्तिक चाकावर काढायची, आणि कधी काही बिघडलं नव्हतं. आत्यानं बाबांकडं बघितलं.

“इथं लावू?”

“लाव ना. तेच तर नवीन आहे,” बाबा म्हणाले. “ह्या वर्षी सगळा मान त्याचा.”

काकूचं वाक्य येऊन पाच मिनिटंसुद्धा झालेली नव्हती. आत्याचं बोट शेंदरात बुडालेलं. मला मध्ये पडायला एक श्वास पुरला असता. मी तो घेतलाही. पण जे वाक्य माझ्या तोंडाशी आलं ते होतं, ‘आत्या, हात लावू नकोस.’ आणि ते वाक्य त्या अंगणात, त्या क्षणी, काकूसमोर, मला म्हणता आलं नाही. मी दुसरं शोधायला लागले. तेवढ्यात बोट टेकलं.

तिनं फार सुरेख स्वस्तिक काढलं. चारी कोपऱ्यांत टिपके दिले. तेल जास्त झालं होतं, खालच्या टिपक्यातून एक नारिंगी ओघळ डिस्कच्या कडेपर्यंत गेला. तिनं वर अक्षता टाकल्या, त्यातल्या दोन तिथंच चिकटून राहिल्या. मग तिनं हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. बाबांनी नारळ फोडला.

मी मनाशी म्हटलं, अजून काही बिघडलेलं नाही. चाक फिरलेलं नाही. डिस्क फिरत नाही तोवर तेल पॅडपर्यंत जाणार नाही. फडकं आणि थिनर पुरे.

सगळे आत प्रसादाला गेले तेव्हा मी मागच्या खोलीतून फडकं आणलं, थिनरमध्ये भिजवलं आणि डिस्कपाशी बसले. हात पुढं केला, तेवढ्यात मागून काकू.

“अगं, काय करतीस? पूजेचं पुसतेस व्हय?”

मी वळले. काकूच्या मागं आत्या उभी होती, हातात माझ्यासाठी प्रसादाची वाटी. तिनं फडक्याकडं बघितलं, मग स्वस्तिकाकडं, मग माझ्याकडं. तिला काय वाटलं ते मला लगेच कळलं. काकूचं बोलणं तिनं वर्षानुवर्षं पचवलं होतं. माझं हे नवीन होतं.

“नाही... असंच,” मी म्हणाले.

“असंच म्हणे!” काकू म्हणाली. “शिकलेल्या पोरींचं लई अवघड बाई. सोवळं मानायचं तर आधी सांगायचं.”

आत्यानं वाटी टाकीच्या कठड्यावर ठेवली. “खाऊन घे,” म्हणाली आणि आत गेली.

मी तिच्यामागं जायला हवं होतं. मी फोन काढून उस्तादांना मेसेज लिहिला: डिस्कला तेल लागलंय, लवकर या. मग बघत बसले. मेसेजपुढं एकच बरोबरची खूण, म्हणजे पोचलाच नव्हता. नमाजला ते फोन बंद ठेवत. मी फोन खिशात ठेवायचे, पुन्हा काढायचे. फडकं मुठीत तसंच होतं आणि थिनर उडून हात गार पडला होता.

तीन वाजता बाबा बाह्या सरसावत बाहेर आले.

“उस्ताद येतील ना आत्ता,” मी म्हणाले. हे वाक्य मला सहज जमलं, कारण त्यात काहीच सांगायचं नव्हतं.

“कधी येतात काय माहीत. ऊन असताना बांधावर पोचायला पाहिजे. चार बोल्ट तर आहेत, मला येतं.”

त्यांनी चाक चढवलं. आवळताना त्यांनी ते हातानं गोल फिरवून बघितलं, सहज, लहान मूल भिंगरी फिरवतं तसं. चाकाच्या फटींतून मला नारिंगी रेघ दिसली, वरून खाली गेली आणि पॅडच्या मागं दिसेनाशी झाली. पुन्हा आली तेव्हा फिकट होती. अक्षता नव्हत्या.

आता फडक्यानं भागणार नव्हतं. तासाभरापूर्वी मी तोंड उघडलं असतं तर एक स्वस्तिक पुसावं लागलं असतं. आता पॅड जाणार. विलायतेहून पुन्हा येईपर्यंत गाडी झाकून. आणि आणखी अर्ध्या तासानं बोलले तर? ते मला स्पष्ट दिसत होतं. वेरूळचा उतार. डावं चाक धरणार नाही, उजवं धरेल, गाडी उजवीकडं फिरेल. उजवीकडं म्हणजे समोरून येणाऱ्या बसकडं. मागच्या वर्षीची बस मला नंबर प्लेटसकट आठवत होती.

मी वाक्यं बांधायला लागले. आधी इंग्रजीत बांधायची, मग मराठीत आणायची, ही माझी जुनी रीत. ब्रेकला तेल लागलंय. कुणी लावलं? आत्यानं. पूजेचं तेल डिस्कला चालत नाही. म्हणजे पूजेनं गाडी बिघडली? कुणाच्या पूजेनं? मी कुठूनही सुरुवात केली तरी वाक्य आत्याच्या बोटाशी येऊन थांबायचं, आणि त्यापुढचं काकू बोलायची. माझ्या डोक्यातसुद्धा काकूच बोलत होती: ‘बघा, मी म्हणलं होतं का नाही?’ ते एकदा म्हटलं गेलं की आत्या पुन्हा कधी ताट हातात घेणार नाही. हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं.

गाडीत सगळे बसले. काका-काकू मागं, त्यांच्यामध्ये आई, मांडीवर आपट्याच्या पानांचा भारा. मला मागून मोटरसायकलवर शेजारच्या ताईबरोबर यायचं होतं. पुढं बाबांशेजारी आत्या. बाबांनीच तिला तिथं बसवलं होतं. तिनं दाराच्या कडेवर हात ठेवला होता, जुन्या सवयीनं, आणि बॉनेटवरून समोर बघत होती. नजर चालवणाऱ्या माणसाची होती. माझ्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

चाकांखाली लिंबं ठेवलेली होती. बाबांनी गाडी सुरू केली. आमचं अंगण फाटकाकडं थोडं उतरतं आहे. लिंबं चिरडली, गाडी हळूहळू पुढं आली आणि फाटकापासून हातभर अंतरावर बाबांनी ब्रेक दाबला. ती थांबली. पण थांबताना तिचं नाक उजवीकडं वळलं. फार नाही, वीतभर. फाटकाशेजारच्या जाईच्या वेलाला गाडीचा दिवा घासला, तेवढंच.

“वा!” बाबा म्हणाले. “काय ब्रेक लागतोय! एका दाबात!”

मागून काकांनी टाळी वाजवली. पायी चालण्याच्या वेगाला वीतभर. घाटातल्या वेगाला किती, हे गणित मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, पण मनात ते आपोआप होत होतं.

“फाटक उघड ग,” बाबा म्हणाले.

मी फाटकाशीच उभी होते. कडी माझ्या हातात होती. लोखंड उन्हानं तापलेलं होतं. मी ती सोडली नाही आणि उघडलीही नाही.

“काय झालं? अडकली काय?”

बाबांनी हॉर्न वाजवला, लाडात, दोनदा. काकू खिडकीतून म्हणाली, “झोपली का उभ्या उभ्या? इंग्लिशमधी सांगा तिला.” मागं हशा झाला. आई हसली नाही. तिनं पानांचा भारा बाजूला सरकवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. आत्यानंही तेव्हा बघितलं.

मी पुन्हा वाक्य शोधायला लागले आणि मग मला कळलं की मागच्या वर्षी घाटात मी हेच करत होते. बाबांचा पाय तीनदा खाली गेला, तितका वेळ मी वाक्य शोधत होते. ते कधी सापडणार नव्हतं. ज्यात कुणाचंच काही जाणार नाही असं वाक्य त्या गाडीत नव्हतं आणि या अंगणातही नव्हतं. आणि ज्यांचं जाणार होतं त्यांत माझं नाव मी अजून एकदाही घेतलेलं नव्हतं. शेवटच्या पानावरची चौकट या घरात मीच वाचली होती. डिस्क मीच पुसली होती, तीनदा.

इंजिन चालूच होतं, जुन्या गाडीचं, खडखडणारं. उस्ताद गाडीखाली असल्यासारखा मी श्वास घेतला, आवाज खालपर्यंत जावा म्हणून.

“बाबा, गाडी बंद करा. डाव्या डिस्कला तेल लागलंय, ती घाटात धरणार नाही. तेल लावायचं नसतं हे आत्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी शेजारी परडी धरून उभी होते.”